मुंबई हाय: पंधरा वर्षांत चढलेलं, तीन वर्षांत घसरलेलं

१९८० च्या दशकातली एक रुपयाची नोट एखाद्या जुन्या पाकिटात सापडली तर उलटी करून बघा. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक रिग, म्हणजे तेलविहिरी खणणारं अवाढव्य यंत्र, दिसेल. तो ‘सागर सम्राट’. जपानमध्ये मित्सुबिशीने १९७३ मध्ये बांधून दिलेल्या या जॅक-अप रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली तेल शोधून काढलं. त्याआधी चारच महिने, ऑक्टोबर १९७३ च्या युद्धानंतर, जगभर तेलाचे भाव भडकले होते आणि भारताची परकीय गंगाजळी तेलाच्या बिलात आटत होती. अशा वेळी लागलेल्या तेलाचं इतकं कौतुक झालं की रिग थेट नोटेवर गेला.

शोधाची ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. तेल सापडल्यानंतर ते काढलं कसं, याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि खरा धडा तिथेच आहे. ऐन भरात मुंबई हाय या एका क्षेत्रातून रोज पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास तेल निघत होतं. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते असं घसरलं की देशाचं एकूण उत्पादन तीन वर्षांत पाचव्या हिश्शाने खाली आलं. तेल संपलं होतं का? अजिबात नाही. बहुतेक सगळं तेल खालीच होतं. मग बिघडलं काय, हे समजून घ्यायचं तर आधी जमिनीखाली उतरावं लागेल.

‘हाय’ म्हणजे उंचवटा

‘बॉम्बे हाय’ या जुन्या नावाचा अनेकांनी भर समुद्र असा अर्थ लावलेला मी ऐकला आहे. तसं नाही. भूगर्भशास्त्रात ‘हाय’ म्हणजे खडकांचा गाडला गेलेला उंचवटा. समुद्राचा तळ तिथे जवळपास सपाट आहे, पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे, पण त्या तळाखाली खडकांचे थर पालथ्या घातलेल्या परातीसारखे फुगलेले आहेत. हा फुगवटा सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद. १९६० च्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंभातच्या आखातात आणि आसपास भूकंपीय सर्वेक्षण केलं, तेव्हा पाण्यात सोडलेल्या ध्वनिलहरींच्या परतलेल्या प्रतिध्वनींत हा फुगवटा पहिल्यांदा उमटला.

तेल पाण्यापेक्षा हलकं. खोलवरच्या खडकांत तयार झालेलं तेल लाखो वर्षं वर सरकत राहतं आणि वाटेत परातीसारखा फुगवटा आणि त्यावर घट्ट झाकण मिळालं की तिथे अडकतं. मुंबई हायमध्ये ते अडकलं मुख्यतः चुनखडीत. तिथले लोक या थराला ‘एल-थ्री’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे-चौदाशे मीटर खाली असलेला हा थर मायोसीन काळातला आहे.

तेलाचं क्षेत्र म्हटलं की मनात तळ्याचं चित्र येतं, तिथूनच गोंधळ सुरू होतो. खाली तळं नसतं. असतो दगड, आणि त्या दगडाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत भरलेलं तेल. छिद्रं किती, हे एक गणित. ती एकमेकांना जोडलेली आहेत का, म्हणजे तेल एका छिद्रातून दुसऱ्यात वाहू शकतं का, हे दुसरं आणि जास्त अवघड गणित. शिवाय एल-थ्री हा एकसंध दगडही नाही. चुनखडीच्या अनेक थरांमध्ये शेलचे, म्हणजे चिकणमाती दाबून बनलेल्या घट्ट खडकाचे, पातळ पदर आहेत. काही थरांतून तेल भराभर वाहतं, काहींतून कसंबसं पाझरतं. भरीला क्षेत्राच्या उत्तर आणि दक्षिण भागांना शेलने भरलेली एक जुनी घळ वेगळं करते. म्हणजे नाव एक असलं तरी खाली कित्येक छोटी क्षेत्रं एकावर एक आणि एकाशेजारी एक रचलेली आहेत. हे पहिल्या काही विहिरींवरून पूर्ण कळणं शक्य नव्हतं. विहीर म्हणजे काही इंचांचं भोक. ७५ किलोमीटरच्या फुगवट्यात अशी चार-सहा भोकं पाडून आतला नकाशा काढायचा असतो.

सव्वादोन वर्षांत पहिलं तेल

समुद्रात सापडलेलं तेल बाहेर काढायला एरवी पाच-सात वर्षं सहज जातात. इथे मे १९७६ मध्ये, म्हणजे शोधापासून सव्वादोन वर्षांत, उत्पादन सुरू झालं. तोवर समुद्रातल्या कामाचा देशाला जवळपास अनुभवच नव्हता, हे लक्षात घेतलं तर ही कामगिरी आजही थक्क करते. पण ती कशी साधली, हेही बघायला हवं.

समुद्रातलं उत्पादन म्हणजे आधी लोखंडी पाय. ‘जॅकेट’ नावाचा पोलादी सांगाडा किनाऱ्यावर बांधायचा, बार्जवर घालून न्यायचा, पाण्यात सोडायचा आणि त्याच्या पायांतून तळात खांब ठोकून पक्का करायचा. त्यावर डेक. मग शेजारी जॅक-अप रिग आणून उभा करायचा. रिगचे पाय खाली जातात, अंग पाण्याच्या वर उचललं जातं आणि त्याचा ड्रिलिंगचा भाग पुढे सरकून जॅकेटच्या डोक्यावर येतो. एका प्लॅटफॉर्मवरून तिरप्या विहिरी खणत अनेक दिशांना पोहोचता येतं. प्रत्येक विहिरीत पोलादी केसिंग, म्हणजे अस्तराची नळी, त्याच्या भोवती सिमेंट, मग तेलाच्या थरासमोर केसिंगला स्फोटकांनी भोकं पाडायची आणि वर झडपांचा तो गुच्छ बसवायचा, ज्याला सगळे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. विहीर किती वाहू द्यायची, हे त्यातल्या ‘चोक’ने ठरतं. या चोककडे आपण पुन्हा येऊ, कारण सगळा वाद शेवटी तिथेच येऊन थांबतो.

हे सगळं काम पावसाळ्याच्या बाहेर. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र बार्जला उभं राहू देत नाही. त्यामुळे वर्षाचे कामाचे महिने आठच, आणि एक जॅकेट एक महिना उशिरा आलं की वर्ष गेलं.

सुरुवातीला किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन नव्हती. विहिरींतून आलेलं तेल समुद्रातच एका तरंगत्या बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरायचं. ‘जवाहरलाल नेहरू’ हे टँकर जहाज त्यासाठी साठवणीची टाकी बनलं. दुसरी टँकर जहाजं येऊन तेल घेऊन जायची. पावसाळ्यात लाटा वाढल्या की जोडणी सोडावी लागे आणि विहिरी बंद. तेलाबरोबर येणारा वायू नेण्याची सोयच नव्हती. तो जाळून टाकायचा. १९७८ मध्ये उरणपर्यंत दोन पाइपलाइन पोहोचल्या, तेलाची ३० इंची आणि वायूची २६ इंची, आणि मग खऱ्या अर्थाने क्षेत्र चालू झालं.

रायगडकरांना याचा पुढचा भाग सांगायला नको. उरणला तेल आणि वायूवर प्रक्रिया होऊ लागली. तिथून तेल ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना गेलं, वायूवर उरणचं वीजकेंद्र चाललं, थळचा खत कारखाना आला, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा प्रकल्प आला. मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत आलेल्या लाल सिलिंडरांतला बराच गॅस या वायूतून काढलेला. तेलही चांगल्या जातीचं, हलकं आणि गंधक फार कमी असलेलं. दुसरीकडे प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र आलं आणि त्या पट्ट्यात कोळ्यांना जाळी टाकायला बंदी झाली. हा हिशेब कुठल्याच अहवालाच्या पहिल्या पानावर नसतो.

साडेदहावरून एकोणतीस

१९७९-८० हे भारतासाठी वाईट वर्ष होतं. इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाचे भाव दुसऱ्यांदा उसळले. त्याच सुमारास आसाममध्ये आंदोलन पेटलं आणि तिथून बिहारमधल्या बरौनीच्या रिफायनरीला जाणारं कच्चं तेल अडवण्यात आलं. देशाचं उत्पादन १९८०-८१ मध्ये साडेदहा दशलक्ष टनांवर घसरलं. आयातीसाठी डॉलर नाहीत, आसामचं तेल येत नाही. उरलं काय, तर मुंबई हाय.

मग जे झालं ते आकड्यांतच बघा. १९८१-८२ मध्ये देशाचं उत्पादन १६ दशलक्ष टनांवर गेलं. पुढच्या वर्षी २१. त्याच्या पुढच्या वर्षी २६. १९८४-८५ मध्ये २९. चार वर्षांत जवळपास तिप्पट, आणि या वाढीचा मोठा वाटा एका मुंबई हायचा. दशकाच्या मध्यावर एकटं ते क्षेत्र वर्षाला २० दशलक्ष टनांच्या घरात पोहोचलं होतं. प्लॅटफॉर्मवर प्लॅटफॉर्म उभे राहिले. माझगाव डॉकसारख्या गोद्या जहाजांबरोबर जॅकेटही बांधू लागल्या. जुहूहून हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असं आयुष्य जगणारी एक पिढी मुंबईत तयार झाली. १९८९-९० मध्ये देशाचं उत्पादन ३४ दशलक्ष टनांवर पोहोचलं, आणि देशाच्या गरजेतला मोठा भाग घरच्याच तेलावर भागत होता.

बाहेरून बघणाऱ्याला ही यशाचीच चढती कमान. आत, दगडात, तोवर काहीतरी वेगळं सुरू झालं होतं.

गोटी सोडा

विहिरीतून तेल आपोआप वर का येतं? कारण खाली दाब असतो. मग प्रश्न हा की तेल काढत गेल्यावर तो दाब टिकवणार कोण. काही क्षेत्रांत खालून पाण्याचा मोठा साठा ढकलत राहतो. जितकं तेल निघेल तितकं पाणी वर सरकतं आणि दाब टिकतो. मुंबई हायला असा दमदार पाठीराखा नव्हता. तिथे तेल ढकलणारी शक्ती मुख्यतः वायूची. काही वायू तेलात विरघळलेला आणि काही तेलाच्या वर, फुगवट्याच्या माथ्यावर टोपीसारखा साठलेला.

विरघळलेला वायू म्हणजे गोटी सोड्याची बाटली. गोटी दाबली की दाब सुटतो, बुडबुडे उठतात, सोडा उसळून बाहेर येतो. पहिल्या क्षणी सगळं फसफसत हातावर येतं, पण बाटली शांत झाली की उरलेला सोडा बेचव, वायूविना तसाच पडून राहतो. दगडातही तसंच. दाब एका मर्यादेच्या खाली गेला की तेलातून वायूचे बुडबुडे सुटतात. सुरुवातीला ते तेलाला ढकलतात, त्यामुळे उत्पादन छान दिसतं. पण बुडबुडे पुरेसे झाले की एकमेकांना जोडले जाऊन त्यांची वाट तयार होते, आणि वायू तेलापेक्षा कितीतरी पातळ असल्याने तोच आधी विहिरीकडे धावतो. तेल मागे राहतं, आणि वायू गेल्यामुळे ते आणखी दाट, आणखी हट्टी होतं. आता बाटली हलवून उपयोग नाही.

माथ्यावरच्या टोपीतल्या वायूची गंमत निराळी. पेल्याच्या तळाशी थोडंच कोकम सरबत उरलेलं असताना नळीने हळू ओढलं तर सरबत येतं. जोरात ओढलं की वरून हवा खाली खेचली जाते आणि खरखर आवाज येतो. विहिरीचा चोक जास्त उघडला की वरचा वायू असाच शंकूसारखा खाली झुकतो आणि विहिरीत शिरतो. एकदा वाट पडली की चोक आवळला तरी ती सहजी बुजत नाही.

प्लॅटफॉर्मवर याची बातमी एका आकड्याने कळते: एका बॅरल तेलामागे किती वायू येतोय. हा आकडा वाढत जाणं म्हणजे क्षेत्राला ताप येणं. मुंबई हायमध्ये तो दशकाच्या उत्तरार्धात वाढत गेला. येणारा वायू दाबून किनाऱ्याकडे पाठवायला पुरेसे कॉम्प्रेसर नव्हते आणि किनाऱ्यावर घेणारे सगळे कारखाने तयार नव्हते, म्हणून तो जाळला जात होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात निघणाऱ्या नैसर्गिक वायूचा जवळपास तिसरा हिस्सा असा ज्वाळांत जात होता. रात्रीच्या समुद्रात त्या ज्वाळा दुरून सुंदर दिसत असतील. प्रत्यक्षात तेल ढकलणारी शक्तीच जळत होती.

पाणी उशिरा आलं

यावर उपाय जगाला दशकानुदशकं माहीत होता. तेल काढताना शेजारच्या विहिरींतून पाणी आत सोडायचं. समुद्राचंच पाणी, पण ते बारीक गाळावं लागतं, नाहीतर दगडाची छिद्रं बुजतात, त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, नाहीतर पाइप गंजतात, जंतू मारावे लागतात, नाहीतर खाली गंधकयुक्त वायू तयार होऊन तेल नासतं. असं तयार केलेलं पाणी मोठ्या दाबाने आत गेलं की ते तेलाला उत्पादन विहिरींकडे रेटतं आणि दाब पडू देत नाही.

मुंबई हायच्या उत्तर भागात पाणी सोडायला सुरुवात झाली १९८४ मध्ये, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यावर आठ वर्षांनी. दक्षिण भागात १९८७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. मधल्या काळात उत्पादन अनेक पटींनी वाढलं होतं.

माझ्या मते या प्रकरणाची कळ इथे आहे. १९८० मध्ये तेल जोरात काढायचा निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. देशाकडे तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, आणि वाचलेल्या डॉलरांना किंमत होती. पण जोरात काढायचं तर पाणी सोडणारे प्लॅटफॉर्म आणि वायू दाबणारे कॉम्प्रेसर हे उत्पादनाच्या विहिरींबरोबरच, शक्य तर त्यांच्या आधी, यायला हवे होते. झालं उलट. उत्पादनाचा प्लॅटफॉर्म लावला की पुढच्याच वर्षी टनांचा आकडा वाढतो, संसदेत सांगता येतो. पाण्याचा प्लॅटफॉर्म लावला तर आकडा वाढत नाही, फक्त दहा वर्षांनी पडत नाही. अशा खर्चाला कुठल्याही योजनेत शेवटचा नंबर मिळतो. बोअरवेल खणणारा शेतकरीसुद्धा पंपाला पैसे आधी काढतो आणि पुनर्भरणाच्या खड्ड्याला पुढच्या वर्षीचा वायदा करतो, तेव्हा सरकारलाच नावं ठेवून भागणार नाही.

पाणी आल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही, आणि याला कारण तो पापुद्र्यांचा दगड. अनेक विहिरींत एकाच वेळी बरेच थर उघडले होते, सगळ्यांचं तेल एकाच नळीतून एकत्र वर. साहजिकच जो थर सर्वांत मोकळा, तो आधी रिकामा झाला. बाहेरून सोडलेलं पाणीही त्याच मोकळ्या थरातून धावत आलं आणि विहिरीत तेलाऐवजी पाणी येऊ लागलं. शेजारचे घट्ट थर तसेच भरलेले. विहीर मात्र वरून बघणाऱ्याला ‘पाणी लागलेली’, म्हणजे संपलेली.

१९९० नंतर जास्त वायू देणाऱ्या विहिरी एकामागोमाग एक बंद ठेवाव्या लागल्या. ज्या विहिरी पूर्वी स्वतःच्या जोरावर वाहत होत्या, त्यांत वरून वायू सोडून तेल हलकं करून उचलावं लागलं. याला ‘गॅस लिफ्ट’ म्हणतात. देशाचं उत्पादन ३४ दशलक्ष टनांवरून १९९०-९१ मध्ये ३३, मग ३० आणि १९९२-९३ मध्ये २७ च्याही किंचित खाली गेलं. काळ कुठला, तर आखाती युद्धाचा आणि १९९१ च्या त्या परकीय चलनसंकटाचा, जेव्हा सोनं गहाण टाकायची वेळ आली. त्या संकटाची कारणं अनेक होती. पण ज्या वर्षी तेल सर्वांत महाग पडत होतं, नेमकं त्याच वर्षी घरचं क्षेत्र हात आखडत होतं.

दुरुस्तीचं काम

पुढची काही वर्षं विहिरींना विश्रांती, पाण्याचं प्रमाण वाढवणं आणि कॉम्प्रेसर बसवणं यांत गेली. दाब सावरला, घसरण मंदावली. खरी मोठी दुरुस्ती २०००-०१ मध्ये सुरू झाली. उत्तर आणि दक्षिण भागांसाठी दोन पुनर्विकास योजना मंजूर झाल्या, मिळून आठ हजार कोटी रुपयांहून जास्त खर्चाच्या. त्यानंतर दुसरा, तिसरा, चौथा टप्पा येत राहिला.

या कामातलं मला सर्वांत आवडणारं तंत्र म्हणजे ‘साइडट्रॅक’. समुद्रात नवा प्लॅटफॉर्म फार महाग. पण जुन्या विहिरीची वरची हजारेक मीटर नळी चांगली असते. मग त्या नळीच्या पोलादाला आतूनच, खोलवर, एक खिडकी कापायची. तिथून नवं भोक कलतं करत न्यायचं आणि एल-थ्रीच्या नेमक्या त्या घट्ट, विसरलेल्या थरात शिरल्यावर आडवं, थरातून थरभर, कित्येक शे मीटर पुढे न्यायचं. उभी विहीर त्या थराला काही मीटर स्पर्श करते; आडवी विहीर त्याच्या पोटातून चालत जाते. थर घट्ट असला तरी इतक्या लांबीतून थोडंथोडं पाझरलं की एकूण बरं जमतं, आणि ओढ सगळीकडे वाटली गेल्याने वरचा वायू शंकू करून खाली येत नाही. पेल्यातली नळी काढून जणू तळाशी आडवी झिरपणी ठेवली.

हे करायचं तर तो थर कुठे आहे हे मीटरभराच्या अचूकतेने माहीत हवं. तीन मितींतलं नवं भूकंपीय सर्वेक्षण आणि पंचवीस वर्षांच्या विहिरींच्या नोंदी संगणकावर एकत्र आणून आतलं चित्र पुन्हा काढलं गेलं. या जुन्या विहिरींनी देशाला तेल दिलंच. त्यांच्या नोंदींमुळेच पुढे कळलं की तेल राहिलं कुठे.

मुंबई हायच्या दगडात मुळात असलेलं तेल सुमारे १६० कोटी टन मानलं जातं. त्यातलं २८ टक्क्यांच्या आसपास आतापर्यंत बाहेर आलं. शंभर बॅरलमधले सत्तरहून जास्त अजून खाली आहेत. ते सगळे कुठलीच यंत्रणा काढू शकत नाही, पण टक्काभर जरी जास्त निघालं तर ते दीड कोटी टनांहून अधिक होतं. म्हणून या म्हाताऱ्या क्षेत्रावर अजून पैसा ओतला जातो.

२७ जुलै २००५

पुनर्विकासाची कामं चालू असताना एक दिवस वेगळाच धडा देऊन गेला. आदल्या दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. २७ जुलैलाही समुद्र खवळलेला होता. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली होती, आणि त्याला उपचारासाठी उत्तर भागाच्या मुख्य प्रक्रिया प्लॅटफॉर्मवर उतरवायचं होतं. जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आलं, लाटेने ढकललं गेलं आणि त्याचं हेलिडेक एका रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळातून प्लॅटफॉर्मवर चढणारा, दाबाखालच्या वायूने भरलेला पाइप. आग लागली आणि दोन तासांच्या आत प्लॅटफॉर्म कोसळला. ३८४ पैकी ३६२ माणसं वाचली, २२ गेली. रोजचं सव्वा लाख बॅरलच्या आसपास उत्पादन एका दुपारीत थांबलं.

उत्पादन काही आठवड्यांत दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे वळवून बरंचसं परत आलं. नवा प्लॅटफॉर्म उभा राहायला मात्र २०१२ साल उजाडलं. मला यात खटकतं ते हे की असे रायझर जहाजं लागतात त्या बाजूला उघडे होते. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या घाईच्या रचनेत कुठला पाइप कुठून वर येईल हे सोयीने ठरलं, आणि त्या सोयीची किंमत पुढच्या पिढीने मोजली. घाई फक्त दगडातच साठून राहत नाही.

आजचं चित्र

पन्नाशी ओलांडलेलं हे क्षेत्र २०२४ मध्ये रोज सुमारे १ लाख ३४ हजार बॅरल तेल देत होतं, म्हणजे ऐन भरातल्या उत्पादनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने, म्हणजे हे क्षेत्र चालवणाऱ्या सरकारी तेल कंपनीने, बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून नेमलं. मालकी ओएनजीसीचीच, बीपीने विहिरी आणि साठ्याचं व्यवस्थापन सुधारून दाखवायचं. बीपीने दिलेला अंदाज असा की दहा वर्षांत मूळ अपेक्षेपेक्षा तेल ४४ टक्के आणि वायू ८९ टक्के जास्त निघू शकेल. यातलं किती खरं ठरेल ते त्या पापुद्र्यांच्या दगडावर अवलंबून आहे. कंपनी कुठलीही असो, तिला पहिला प्रश्न तोच सोडवायचा आहे: कुठल्या विहिरीचा चोक किती उघडायचा आणि तिच्या बदल्यात कुठे किती पाणी सोडायचं.

आणि ‘सागर सम्राट’? तो भंगारात गेला नाही. त्याचं ड्रिलिंगचं सामान उतरवून, वर प्रक्रियेची यंत्रणा चढवून त्याला फिरतं उत्पादन केंद्र बनवण्यात आलं. रूपांतराचं काम ठरल्यापेक्षा कितीतरी वर्षं रेंगाळलं, पण डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्यावरून उत्पादन सुरू झालं. मुंबईच्या पश्चिमेला, एकेकट्याला स्वतःचा प्लॅटफॉर्म परवडला नसता अशा काही लहान क्षेत्रांचं तेल आता तो गोळा करतो; दिवसाला वीस हजार बॅरलपर्यंत.